खांबावरचा यात्रेकरू

"एवढं मात्र घासू नकोस हं, निनाद," चर्चची देखरेख करणाऱ्या विनिफ्रेडबाई म्हणाल्या आणि खांबावर बसवलेल्या काचेची धूळ त्यांनी रुमालाने पुसली.

इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या सहाशे वर्षं जुन्या चर्चमध्ये, खांबांवरचा चुना काढायला कंपनीने मला पाठवलं होतं. काचेमागे, दगडात, ठसठशीत देवनागरीत कोरलेलं होतं: 'निन्या + केतकी'.

निन्या म्हणजे मी. आठ वर्षांपूर्वी कॉलेजची सहल इथे आली होती, तेव्हा बॅगेच्या किल्लीने मीच ते कोरलं. गडांवरची सवय, दुसरं काय. केतकीला यातलं अजून काहीच माहीत नाही. तिला आता दोन मुलं आहेत.

"चर्च नवं होतं तेव्हा तुमच्याकडचा कुणी यात्रेकरू चालत आला असणार," बाई सांगत होत्या. "मधोमध क्रूस कोरलाय, बघ. माझे हे गेले, तेव्हा वर्षभर मी रोज इथेच येऊन बसायचे. काय लिहिलंय रे त्याने?"

खरं ते सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. बाईंनी कानातलं यंत्र नीट बसवलं.

"'मला माफ करा' असं लिहिलंय," मी म्हणालो.

"अरे देवा! आणि सहाशे वर्षं कुणी वाचलंच नाही?" बाईंनी काचेवर हात ठेवला, डोळे मिटले आणि त्याला माफ करून टाकलं.

मी मान खाली घालून शेजारचा खांब घासायला घेतला. तो कालच स्वच्छ झाला होता.