पतीचं नाव

"शामलाबाई, थाटीपूर! हाजिर हो!"

चपराशाची आरोळी लश्कर भागातल्या कोर्टात घुमली आणि शामला अशी झटकन उठली की शांताताईंचा हात तिच्या हातातून सुटला.

"घाबरू नकोस गं."

"घाबरतंय कोण?" पदराआडून शामला हसली. लश्करच्या मराठा घरांतल्या रीतीप्रमाणे पदर हनुवटीपर्यंत ओढलेला होता. छाती मात्र धडधडत होती, जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखी.

"तुझे घरचे कोर्टातच कामाला ना? रागावतील."

"रागावू देत."

सकाळी जेवताना तिने नवऱ्यापाशी विषय काढला होता. "कोर्टातलं घरात नको," म्हणून त्यांनी ताटावरून मान वर केली नव्हती. बरं तर, ती मनाशी म्हणाली होती, घरातलं कोर्टात.

शांताताई नव्या बाजारामागच्या दोन खोल्यांत राहायच्या, शिवण शिकवायच्या. त्या कंपू भागातल्या दवाखान्यात पडून असताना घरमालक जगदेवरावांनी कुलूप तोडून त्यांचं सामान रस्त्यावर काढलं होतं. आता ते म्हणत होते, बाई आपणहून खोल्या सोडून गेल्या. शिवण शिकायला आलेल्या शामलाने ते कुलूप तुटताना पाहिलं होतं. पण पाहून उपयोग काय? दाव्याचा निकाल देणारे नवे मुन्सिफ आपल्या शब्दाबाहेर नाहीत, रोज संध्याकाळी आपल्याबरोबर चहा घेतात, असं जगदेवराव बाजारभर सांगत फिरत होते.

"दावा दुसऱ्या कोर्टात नाही का जायचा?" शांताताईंनी आपल्या वकिलांना, नानांना, विचारलं होतं.

"चहावरून दावा हलत नाही, ताई. मुन्सिफांचं नात्यातलं माणूस यात असतं तर त्यांना सोडावाच लागला असता. आता त्यांची मावशी कुठून आणू मी?"

काजं करणाऱ्या शामलाच्या बोटात तेव्हा सुई घुसली होती. बोट तोंडात धरूनच ती म्हणाली होती, "नाना, मी येते साक्षीला."

दारावरच्या पाटीवर 'मध्य भारत' खरवडून 'मध्य प्रदेश' रंगवलं होतं. रंगाचा वास अजून गेला नव्हता. त्या पाटीखालून शामला आत गेली, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. समोर जगदेवराव मिशीवर हात फिरवत बसले होते. वर मुन्सिफांच्या खुर्चीकडे तिने पाहिलंच नाही.

"नाव?" पेशकार सूर्याजींनी विचारलं.

"शामला."

वर खुर्चीत टाकाची कुरकुर थांबली.

"पतीचं नाव?"

शामलाने पदर आणखी पुढे ओढला.

"बाई, पतीचं नाव?"

"इश्श! नाव कसं घेऊ?"

कोर्टात खसखस पिकली. नाना हळूच म्हणाले, "अगं, उखाण्यात घे, पण घे!"

"इतक्या पुरुषांत?"

"मग लिहून द्या," सूर्याजी वैतागले.

"लिहिणं म्हणजेही घेणंच की."

जगदेवरावांचे वकील दौलतसिंह याचीच वाट पाहत होते. ते उठले. "हुजूर, जिसे अपने पति का नाम याद नहीं, उसे ताला तोड़ने वाले का चेहरा याद है!"

जगदेवराव मोठ्याने हसले. शांताताईंनी डोळे मिटून घेतले. गेल्या खोल्या.

"अच्छा, बाई साहब," दौलतसिंहांना आता चेव चढला होता, "जबान से नहीं, तो उँगली से ही दिखा दीजिए. यहीं कहीं बैठे हैं क्या आपके श्रीमान?"

शामलाने पदर सावरला, हात वर केला. बोट दौलतसिंहांवरून गेलं, जगदेवरावांवरून गेलं, सूर्याजींच्या पगडीवरून वर गेलं आणि थांबलं.

हशा विरला.

मुन्सिफसाहेबांनी टाक खाली ठेवला. समोरची दाव्याच्या कागदांची मिसल मिटली.

"दावा दुसऱ्या कोर्टात पाठवा," ते सूर्याजींना म्हणाले, "आणि पतीच्या जागी माझं नाव लिहा."