पेटीचा वारा

मेकॅनिक सुदर्शनने पेटीचं मागचं झाकण उघडलं आणि समाधानचा जीव टांगणीला लागला. दाराबाहेरच्या बाकावर द्रौपदाबाई बसल्या होत्या. निकाल ऐकल्याशिवाय त्या उठणार नव्हत्या.

त्यांची सून स्नेहा या लॅबमध्ये समाधानच्या हाताखाली काम करायची. पारगावजवळच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यामागे ही खोली होती. ऊसतोडीच्या टोळ्यांमधली खोकणारी माणसं इथे यायची. त्यांच्या बेडक्याच्या डब्या हूडमध्ये उघडायच्या, टीबी आहे का ते बघायचं. हूड म्हणजे समोरून उघडी, पंखा बसवलेली काचेची पेटी. सगळे तिला नुसतं पेटी म्हणत.

लग्नानंतर सात वर्षांनी स्नेहाला दिवस गेले होते. ते कळल्यावर द्रौपदाबाई महाळुंगे पडवळहून तडक आल्या होत्या. "समाधानभाऊ, पोर पोटुशी हाय. ही पेटी तिला जपती का न्हाई, ते मला कळलं पायजे."

"मावशी, त्यासाठीच तर पेटी हाय," समाधानने शब्द दिला होता. त्या शब्दाला बळ यावं म्हणून पेटीवर चिकटवलेल्या नंबरावर फोन करून त्याने पुण्याचा मेकॅनिक बोलावला.

खरं तर घाबरायचं काही कारण नव्हतं. जुन्नरकडची बाटल्यांत रोपं वाढवणारी एक रोपवाटिका बंद पडली, तेव्हा मालकाने देवळाला घंटा द्यावी तशी ही पेटी दवाखान्याला देऊन टाकली होती. तेव्हापासून समाधान तिला तळहाताच्या फोडासारखी जपत होता. रोज स्पिरिटने काच पुसायचा. डॉक्टरांनी हात लावला तरी त्याच्या कपाळावर आठी पडायची. त्याचं दुसरं लग्न पेटीशी लागलंय, असं दवाखान्यात सगळे चिडवायचे.

पंखा सुरू झाला की पेटीतून गार वारा तोंडावर यायचा. उन्हाळ्यात त्या खुर्चीवर प्रत्येकाचा डोळा असे. समाधानने मात्र ती स्नेहाला दिली होती. "तू हितं बस बाय. तुला जरा वारं लागंल." स्वतः तो कोपऱ्यात मायक्रोस्कोप घेऊन घाम पुसत बसायचा. सख्खा भाऊ करणार नाही एवढं तो तिचं करत होता.

"मालक बदलले वाटतं तुमचे," सुदर्शन स्क्रू पिळता पिळता म्हणाला.

"हो, आता ट्रस्ट बघतं."

सुदर्शनने मीटर धरून वाऱ्याचा जोर मोजला, बॅटरी मारून फिल्टर बघितला. मग तो हसला. "राव, मशीन नव्यासारखं आहे. एवढी निगा मी कुठेच बघितली नाही."

समाधानला भरून आलं. त्याने दाराकडे बघून हाक मारली, "मावशी, आत या. तुमच्या डोळ्यांनी बघा."

"आता धुराची टेस्ट राहिली," सुदर्शन म्हणाला. "अगरबत्ती आहे का?"

भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोखाली वंदनेचा पुडा होताच. समाधानने एक काडी पेटवून दिली आणि स्नेहाच्या रिकाम्या खुर्चीत तो स्वतः बसला. सुदर्शनने ती काडी पेटीच्या तोंडाशी धरली. धूर आत गेलाच नाही. तो सरळ समाधानच्या तोंडावर आला. त्याचे डोळे चुरचुरले.

"बघा," सुदर्शन खुशीत म्हणाला, "सगळं बाहेर फेकतंय. समोर बसणाऱ्याच्या श्वासातलं काही म्हणून आत शिरणार नाही. आतली रोपं एकदम सुरक्षित. कशाची करता तुम्ही, केळीची की उसाची?"

समाधानने हात लांब करून बटण बंद केलं. पंखा थांबला. धूर मुकाट वर जाऊ लागला.

द्रौपदाबाईंचा चेहरा मात्र उजळला होता. "लई चांगली हाय म्हणत्यात की पेटी. मग भाऊ, उद्या धाडू ना पोरीला?"

"नगं मावशी." समाधानला त्यांच्याकडे बघवेना. "त्या बेडक्यावरचं वारं इतकं दिस मीच घातलं तिला."