स्वखर्चाने हजर

सततच्या गैरहजेरीमुळे मला शाळेनं नोकरीवरून काढलं. तसं काही घडलंच नाही असं समजून मी रोज सातवीला अपूर्णांक शिकवतो. परदेशातल्या या शाळेनं मला विमानाचं तिकीट पाठवलं होतं. पण बाबांनी हौसेनं आधीच एक काढलेलं. “फुकटच्या तिकिटानं गेलास तर फुकट राबवतील, बाळा. आपल्या पैशानं जा, मान राहतो.” गेलो. महिनाअखेरीस पगार मागितला, तर कारकून रजिस्टर चाळत म्हणाले, “आमच्या तिकिटावरचे शिक्षक आलेच नाहीत.” “अहो, ते मीच ना?” “तुम्ही स्वखर्चानं आलात. म्हणजे पाहुणे. पाहुण्यांना चहा असतो, पगार नसतो.” चहा पिताना मलाही शंका आली, आपण खरंच आलोय का? शेवटी अर्ज लिहिला: गैरहजर शिक्षकास, म्हणजे मला, शाळेच्या तिकिटावर घेऊन येण्याकरिता मला शाळेच्या खर्चाने घरी पाठविण्यात यावे, ही नम्र विनंती.