तारांवरची वटवाघळं

गल्लीतले दिवे मिचमिचले, की वेल्डरकाका छातीठोकपणे सांगत, “माझं मशीन नव्हे! वटवाघळं तारांवर झोके घेतात.” आज दिवे मिचमिचताच शेजारच्या शिंपीणबाई दुकानात येऊन कडाडल्या, “नवं मशीन आणा, नाहीतर दुकान हलवा!” तेवढ्यात काकांच्या लेकीचा फोन आला. ती वीजकंपनीत नुकतीच लागलेली. शहराच्या दुसऱ्या टोकावरून इंटरनेटवर गल्लोगल्लीची वीज तपासायची. काकांनी ऐटीत स्पीकर लावला. “बाबा, आत्ता वेल्डिंग केलंत ना? आपल्या गल्लीतलं व्होल्टेज धपकन पडलेलं दिसतंय.” “काय हो, वटवाघळं कुठं गेली?” शिंपीणबाईंनी विचारलं. ‘नाही’ म्हणावं, तर लेक खोटी ठरत होती. काकांनी काळा चष्मा डोळ्यांवर ओढला. “चोर मीच! आणतो नवं मशीन. पण पकडलं कुणी? माझ्या पोरीनं! पटत नाही? थांबा.” त्यांनी ठिणगी पाडली. दिवे मिचमिचले. फोन ओरडला, “बाबा, पुन्हा?” “ऐकलंत?” काका खुलले.