जुन्या मशीनवर नवा गेम

गेल्या आठवड्यापर्यंत अडखळत बंद पडणारा नवा गेम आज तिष्याच्या कॉम्प्युटरवर सुरळीत चालताना बघून तिच्या आईला, उत्पलाला, संशय आला. उत्पला परळच्या कॉलेजात कॉम्प्युटर दुरुस्त करायची. “दहा वर्षं जुन्या प्रोसेसरला हा गेम झेपला कसा?” “ग्राफिक्स कमी केले, मम्मी.” “मला शिकवतेस?” म्हणत तिने मशीन बंद करून झाकण उघडलं. आतला छोटा पंखा काढला, तर त्याखाली दुसराच, जास्त ताकदीचा प्रोसेसर होता. “मी ड्युटीवर असताना घरी कोण येतं?” तिष्याने मान खाली घातली. “पप्पा. माहीमहून दोनदाच आले. तुला सांगू नको म्हणाले.” घटस्फोटानंतर तीन वर्षांत त्याने लालबागच्या या घरात पाऊल टाकलं नाही, असंच उत्पला समजत होती. ती उघड्या मशीनवर वाकली. मग म्हणाली, “प्रोसेसरला थंड ठेवणारी पेस्ट कमी लावलीये, तापेल तो. पुढच्या वेळी मी असताना यायला सांग.”