अर्धं पान

सकाळी बायकोचं डोकं दोनदा भिंतीवर आपटून तो कामावर आला, तेव्हा मुठीवर तिच्या दातांचा व्रण ताजा होता.

साहेब वाटच पाहत होते. "मार खाणाऱ्या बायकांसाठीची ती वेबसाइट अर्धीच उघडतेय! मदतीचा नंबर पानाच्या तळाला आहे, तोच दिसत नाही. एखादी जिवानिशी जाईल रे!"

"माझ्याकडे तर नीट दिसतंय," असं सवयीने म्हणत तो खुर्चीत बसला. या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तासाभरात त्याने दुखणं शोधलं: सर्व्हर जिथे पानं जुळवतो ती जागा जुन्या फायलींनी ठासून भरली होती, म्हणून पान मध्येच तुटत होतं. त्याने सगळा कचरा उडवला.

खात्री करायला त्याने सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. सकाळपासून एकाच आयपी पत्त्यावरून कुणीतरी ते पान सतरा वेळा मागितलं होतं, आणि सतराही वेळा ते अर्धंच गेलं होतं. अठराव्या वेळी, आत्ता, पूर्ण पोचलं होतं.



तो पत्ता त्याला तोंडपाठ होता. त्याच्याच घरच्या इंटरनेटचा होता तो.