डावी किडनी

‘हात मागे बांध, आणि सारखं मॉनिटरकडे बघू नकोस,’ सर्जन प्रफुल्लनं ज्ञानेशला बजावलं आणि तो पुन्हा टेबलाकडे वळला.

टेबलावर ज्ञानेशची बायको होती, वेदिका. ती लहान मुलांची डॉक्टर, तो किडनीचा. दहा वर्षं तो नाशकात लोकांना डायलिसिस समजावत आला होता. दोन वर्षांपूर्वी वेदिकाचा रिपोर्ट हातात आला, तेव्हा त्यालाच तो तीनदा वाचावा लागला.

किडनी द्यायला वेदिकाच्या माहेरचं कुणीच जुळलं नाही. जुळली ती त्याची आई. भागुबाई, एकसष्ट वर्षांच्या, सटाण्याजवळच्या आपल्या डाळिंबाच्या बागेत अजून रोज राबणाऱ्या. ‘दोन हायेत ना? मंग इचारतो काय?’ एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

शेजारच्या थिएटरमधून भागुबाईंची डावी किडनी आली, बर्फात ठेवलेली. राखाडी, गार, मुठीएवढी. प्रफुल्लनं तिच्या रक्तवाहिन्या वेदिकाच्या रक्तवाहिन्यांना शिवल्या. पाऊण तास कामापुरतंच कुणी बोललं.

‘क्लॅम्प काढतोय.’

रक्त आत शिरलं, तसा एका टोकाकडून रंग चढत गेला. राखाडीची गुलाबी झाली, मग लालसर. किडनी भरून आली आणि वेदिकाच्या नाडीबरोबर हलायला लागली. प्रफुल्लनं मूत्रनलिकेचं मोकळं टोक चिमट्यात अलगद धरलं. सगळे तिकडेच बघत होते. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. टोकाशी एक थेंब फुगला आणि पडला. मग आणखी एक. मग बारीक धार लागली.

ज्ञानेशचे मागे बांधलेले हात कधी सुटले, कधी जोडले गेले, त्याला कळलं नाही.

‘अरे, तुझं तर रोजचं आहे हे,’ प्रफुल्ल हळूच म्हणाला.

‘रोज रिपोर्ट बघतो मी. हे नव्हतं कधी बघितलं.’

दुपारी भागुबाई नीट शुद्धीवर आल्या. ओठ कोरडे पडले होते. ज्ञानेशनं ओल्या कापसानं ते टिपले.

‘लागली का कामाला?’ त्यांनी विचारलं.

‘लागली, आई. तिथंच, टेबलावरच. शिवून व्हायचा अवकाश.’

‘कोणी सांगितलं तिला?’

‘कुणीच नाही.’



‘येवढी वर्सं माझ्या पोटात व्हती,’ त्या म्हणाल्या. ‘मला पत्ता नाय.’

मग त्यांनी सलाइनचा हात जपून उचलला, उजव्या कुशीवर नेला, आणि झोपलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा तिथं ठेवून दिला.